टस्कनींतील गढ्या आणि बागवाडे

इटलीला जाणारा प्रवासी बहुधा शहरांची यादी खिशांत घालून निघतो. रोमचे अवशेष, फ्लॉरेन्सचीं चित्रालयें आणि व्हेनिसचे कालवे पाहून झाले कीं त्याला इटली पाहिल्याचें समाधान वाटतें. फ्लॉरेन्सहून सिएनाकडे जातांना खिडकींतून एखाद्या टेकडीच्या माथ्यावर चौकोनी बुरूज, त्याच्याखालीं काळसर हिरव्या सायप्रस वृक्षांची रांग आणि उतारावर द्राक्षांचे व ऑलिव्हचे मळे असें दृश्य पुनःपुन्हां दिसतें. तें चित्रासारखें सुंदर आहे एवढें म्हणून प्रवासी पुढच्या मुक्कामाचा विचार करूं लागतो. वास्तविक शहरांतल्या वैभवाला लागलेलें धान्य, तेल आणि मद्य या टेकड्यांवरूनच आलें. आणि शहरांत मिळविलेला पैसा पुन्हां याच टेकड्यांवर येऊन घरांच्या रूपानें उभा राहिला. त्या घरांची ओळख करून देणें हा या भाषणाचा हेतु आहे.

इटालियन भाषेंत अशा वास्तूंना मुख्यतः दोन नांवें आहेत. एक कास्तेल्लो आणि दुसरें विल्ला. कास्तेल्लो म्हणजे किल्ला असें कोशांत सांपडेल. पण किल्ला म्हटलें कीं मराठी श्रोत्याच्या डोळ्यांपुढें रायगड किंवा राजगड उभा राहतो. टस्कनींतील बहुतेक कास्तेल्लो तेवढे विस्तीर्ण नाहींत. देशावरच्या गांवांतून पाटील-देशमुखांच्या ज्या गढ्या आहेत, त्यांच्याशीं त्यांचें नातें अधिक जवळचें आहे. उंचवट्यावरची जागा, जाड भिंती, एखाद-दुसरा बुरूज, आंत पाण्याची व धान्याची सोय, आणि संकट आलें कीं आसपासच्या लोकांनीं आंत शिरून दार लावून घ्यावयाचें, ही व्यवस्था दोन्हीकडे सारखीच. विल्ला या शब्दाची हल्लीं शहरांतून फार स्वस्ताई झाली आहे. चार कुंड्या मांडलेल्या बंगलीलाहि तो लावतात. मूळ अर्थ मात्र शेतीवाडीसह असलेला मालकाचा वाडा असा आहे, आणि तो रोमन काळापासून चालत आलेला आहे. त्याला बागवाडा म्हटल्यास फारशी चूक होणार नाहीं.

गढी भीतीपोटीं बांधली जाते, बागवाडा विश्वासानें बांधला जातो. पहिलीपासून दुसऱ्यापर्यंत येण्यास टस्कनीला शतकें लागलीं, आणि ती वाटचाल तेथील भिंतींवरून व खिडक्यांवरून अजूनहि वाचतां येते.

मध्ययुगांत फ्लॉरेन्स आणि सिएना हीं दोन्ही शहरें स्वतंत्र राज्यें होतीं आणि त्यांचें हाडवैर होतें. सरहद्दीवर नजर ठेवण्यासाठीं सिएनानें इसवी सन १२१३ ते १२१९ या काळांत मोंतेरिज्जोनी हें तटबंदीचें ठाणें उभारलें. एका लहानशा टेकडीच्या माथ्यावर मुकुट ठेवावा तसा वाटोळा तट, आणि त्यावर चौदा बुरूज. महाकवि दान्ते यानें नरकाच्या खाईभोंवतीं उभ्या असलेल्या राक्षसांना याच बुरुजांची उपमा दिली आहे. आंत गेल्यावर मात्र दृश्य अगदीं घरगुती आहे. एक चौक, एक लहान चर्च, कांहीं घरें आणि तटाच्या पोटाशीं परसबागा. बाहेरून राक्षस आणि आंतून परसबाग, हा विरोध ध्यानांत आला म्हणजे कास्तेल्लोचा अर्धा अर्थ कळला.

मोंतेरिज्जोनी शहरानें बांधलें. दक्षिण कियांतींतील ब्रोलियो ही गढी एका घराण्याची आहे. रिकासोली घराण्याकडे ती ११४१ पासून चालत आली आहे. हें घराणें फ्लॉरेन्सच्या बाजूचें आणि गढी सिएनाच्या तोंडावर. त्यामुळें ती अनेकदां वेढली गेली, पाडली गेली आणि पुन्हां बांधली गेली. आज तेथें जाणाऱ्या प्रवाशाला जुन्या दगडी तटाच्या आंत तांबड्या विटांचा एक भव्य वाडा दिसतो. तो मध्ययुगीन वाटत असला तरी एकोणिसाव्या शतकांतला आहे. तो बांधविणारा बेत्तिनो रिकासोली हा काव्हूरच्या मृत्यूनंतर १८६१ मध्यें इटलीचा पंतप्रधान झाला. त्याच्या करारीपणामुळें लोक त्याला पोलादी सरदार म्हणत. पण आज त्याची आठवण राजकारणापेक्षां शेतीमुळें अधिक काढली जाते. कियांती मद्यासाठीं कोणत्या जातीचीं द्राक्षें कशीं मिसळावींत यावर त्यानें अनेक वर्षें प्रयोग केले व १८७२ मध्यें एका पत्रांत आपला निष्कर्ष नमूद केला. सान्जोव्हेझे या द्राक्षाला त्यानें दिलेलें अग्रस्थान आजहि कायम आहे. तोफा जाऊन पिंपें आलीं, परंतु घराणें व टेकडी तींच राहिलीं.

एखादी वास्तु मुळांत गढी होती कीं वाडा होता हें ओळखण्यास फार विद्वत्ता लागत नाहीं. जुन्या गढीच्या खालच्या मजल्याला खिडक्या जवळजवळ नसतात. असल्या तर एका बाणापुरत्या फटी असतात. वर जावें तसतशा त्या रुंद होत जातात, कारण शिडी लावून तेथवर चढणें कठीण. दरवाजा अरुंद असतो आणि त्याच्या बरोबर वर भिंतीबाहेर काढलेला सज्जा असतो. त्या सज्ज्याच्या तळाला भोंकें ठेवलेलीं असतात. दारापर्यंत पोंचलेल्या शत्रूवर तेथून दगडांचा वर्षाव करतां येई. पुढें शांततेचा काळ आला कीं मालक पहिला सुधार करतो तो खिडक्यांचा. जाड भिंत फोडून तो एक मोठी चौकट बसवतो. भिंतीच्या दगडांत ती जोड स्पष्ट दिसते. गढीच्या इतिहासांत एखाद्या लढाईला जेवढें महत्त्व, तेवढेंच या पहिल्या मोठ्या खिडकीला द्यावयास हवें.

ही खिडकी मोठी करण्याचें धाडस ज्या घराण्यानें सर्वांत ठळकपणें केलें तें मेदिची घराणें. हे मूळचे सावकार. फ्लॉरेन्सच्या उत्तरेस मुजेल्लो नांवाचें खोरें आहे. तेथें या घराण्याची वडिलोपार्जित शेती होती. पंधराव्या शतकांत कोझिमो दे मेदिची यानें मिकेलोझ्झो या वास्तुविशारदाकडून तेथील त्रेब्बियो आणि काफाज्जोलो या दोन जुन्या गढ्या राहण्याजोग्या करून घेतल्या. दोन्हीवर बुरूज आणि चर्या तशाच ठेवल्या. सावकार घर बदलीत होता, पण अजून निर्धास्त झालेला नव्हता. शहराच्या अगदीं जवळ कारेज्जी येथें त्यानें तिसरें घर सजविलें. तेथेंच फिचीनो या पंडिताला त्यानें आश्रय दिला, आणि फिचीनोनें प्लेटोचे समग्र ग्रंथ ग्रीकमधून लॅटिनमध्यें आणले. कोझिमो १४६४ मध्यें याच घरांत वारला. त्याचा नातू लोरेंझो हाहि १४९२ मध्यें तेथेंच वारला.

या लोरेंझोची हकीकत मोठी विचार करण्याजोगी आहे. २६ एप्रिल १४७८ रोजीं फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलमध्यें, भर उपासनेच्या वेळीं, प्रतिस्पर्धी पात्सी घराण्याच्या कटवाल्यांनीं त्याच्यावर व त्याचा भाऊ जुलियानो याच्यावर खंजीर चालविले. जुलियानो जागच्या जागीं ठार झाला. लोरेंझो मानेवर जखम घेऊन निसटला. अशा प्रसंगांतून गेलेल्या माणसानें पूर्वीपेक्षां उंच तट बांधला असता तर कोणास नवल वाटलें नसतें. परंतु सात-आठ वर्षांनीं त्यानें जुलियानो दा सांगाल्लो याच्या हातून पोज्जो आ कायानो येथें जें घर बांधावयास घेतलें, त्याला बुरूज नाहीं, खंदक नाहीं कीं जंग्याहि नाहींत. बागेभोंवतीं भिंत आहे. पण घर स्वतः कमानींच्या एका रुंद ओट्यावर चारी बाजूंनीं मोकळें उभें आहे. दर्शनी भागीं ग्रीक देवळासारखे खांब आणि त्यांवर त्रिकोणी शिखर. त्याच्याखालीं सावलीची ओसरी. ओसरींत बसलेल्या मालकाला दूरवर शेतें दिसतात, आणि शेतांत काम करणाऱ्यालाहि ओसरींतला मालक दिसतो. घराच्या इतिहासांत हें पाऊल फार मोठें होतें. पुढें युरोपभर धनिकांनीं गांवाकडे जीं खांबांच्या ओसरीचीं घरें बांधलीं, त्यांच्या पूर्वजांत या घराची गणना होते.

पोज्जो आ कायानोच्या मोठ्या दिवाणखान्यांत पोंतोर्मो या चित्रकारानें इसवी सन १५२० च्या सुमारास वाटोळ्या खिडकीभोंवतीं एक भित्तिचित्र काढलें आहे. विषय रोमन ग्रामदेवतांचा, व्हर्तुम्नुस आणि पोमोना यांचा. पण चित्रांत दिसतात तीं दुपारच्या उन्हांत कठड्याशीं विसावलेलीं साधीं माणसें, एक म्हातारा आणि त्याच्याजवळ कुत्रा. राजवाड्याच्या दिवाणखान्यांत शेतकऱ्याला भिंतीवर का होईना, जागा मिळाली होती.

मेदिचींच्या या घरांचें जुनें रूप पाहण्याचें आणखी एक साधन आहे. जुस्तो उतेन्स नांवाच्या फ्लेमिश चित्रकारानें १५९९ पासून पुढें तीन-चार वर्षांत त्यांचीं अर्धचंद्राकृति चित्रें काढलीं. प्रत्येक चित्रांत घर, बाग, कारंजीं आणि शेतें पक्ष्याच्या दृष्टीनें दाखविलीं आहेत. हीं चित्रें आज फ्लॉरेन्सजवळच्या ला पेत्राया या बागवाड्यांत ठेवलीं आहेत. पोज्जो आ कायानोच्या दारापुढें आज जे डौलदार वळणाचे जिने आहेत ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींचे. उतेन्सच्या चित्रांत त्यांच्या जागीं सरळ जिने दिसतात. प्रवाशानें आधीं ला पेत्राया पाहावें आणि मग बाकीचीं घरें पाहावींत, म्हणजे जुनें कोणतें व नवें कोणतें हें त्याचें त्याला कळूं लागतें. २०१३ मध्यें युनेस्कोनें मेदिचींचे बारा बागवाडे व दोन उद्यानें जागतिक वारशाच्या यादींत घातलीं.

टस्कनींत हें चाललें असतां उत्तरेस व्हेनिसच्या मुलखांत याच कल्पनेला निराळें फळ आलें. समुद्रावरचा व्यापार पूर्वीसारखा बिनधोक राहिला नाहीं, तेव्हां व्हेनिसच्या श्रीमंतांनीं दलदलीची जमीन कोरडी करून शेतींत पैसा घातला. त्यांना घरें बांधून दिलीं तीं पाल्लादियो यानें. हा १५०८ मध्यें जन्मलेला आणि पाथरवटाच्या कामापासून वर आलेला माणूस. फान्झोलो येथील विल्ला एमो हें त्याचें घर पाहिलें म्हणजे त्याची बुद्धि कळते. मध्यभागीं मालकाचें घर, आणि त्याच्या दोन्ही हातांस कमानींच्या लांबच लांब पडव्या. त्या पडव्या शोभेसाठीं नव्हत्या. त्यांच्यामागें कोठारें, गोठे आणि औजारांच्या खोल्या होत्या. पावसांत न भिजतां मालकाला आपल्या धान्यापर्यंत जातां येई. देवळाचा डौल आणि खळ्याची सोय एकाच छपराखालीं आणणें हें त्याचें कौशल्य. टस्कनींतहि घर व शेत यांची अशीच सांगड होती. फक्त ती एवढ्या उघडपणें दर्शनी भागांत मांडलेली नव्हती.

त्या सांगडीकडे नीट पाहिलें तर बागवाड्याची दुसरी बाजू दिसूं लागते. टस्कनींतील जमीन शतकानुशतकें अर्धेलीनें कसली जात असे. तेथील भाषेंत या पद्धतीला मेद्झाद्रिया म्हणत. त्या शब्दांतहि अर्ध्याचाच अर्थ आहे. जमीन, घर आणि भांडवल मालकाचें, श्रम कुळाचे, आणि पीक निम्में-निम्में. प्रत्येक कुळाला एक शेत व त्यावर एक घर. घराच्या तळमजल्यावर गुरें, वरच्या मजल्यावर माणसें. बाहेरून जाणारा दगडी जिना. आणि सगळ्या कुटुंबाला पुरेल असें मोठ्या चुलीचें स्वयंपाकघर. अशीं अनेक शेतें मिळून एक इस्टेट होई. तिचा कारभारी, हिशेबाच्या वह्या, तेलाचा घाणा आणि मद्याचें तळघर हीं सारीं मालकाच्या वाड्याला लागून असत. वाड्याच्या ओसरींतून जी देखणी भूमि दिसते, ती कुळांच्या हातांनीं उतारावर बांध घालून, दगड वेचून आणि झाडें लावून तयार झालेली आहे. निसर्गाचें म्हणून प्रवासी ज्याचें कौतुक करतो, त्यांतला मोठा भाग माणसाच्या घामाचा आहे.

ही पद्धत विसाव्या शतकांत मोडली. दुसऱ्या महायुद्धानंतर तरुण माणसें कारखान्यांकडे गेलीं. १९६४ च्या कायद्यानें अर्धेलीचे नवे करार बंद केले. शेतांवरचीं घरें ओस पडलीं, आणि त्यांतील पुष्कळ पुढें परदेशी लोकांनीं विकत घेतलीं. १९८५ च्या कायद्यानें शेतकऱ्याला आपल्या घरीं प्रवासी ठेवण्याचा व्यवसाय रीतसर करतां येऊं लागला. आज टस्कनींत शेतावरच्या घरीं उतरणारा पाहुणा ज्या थंडगार तळमजल्यावर निजतो, तेथें एके काळीं बैलांची दावण होती, हें त्यानें विसरूं नये. म्हणजे त्या घराबद्दल त्याचा आदर वाढेल.

मालक आणि कूळ यांच्यामधली भिंत कमी करण्याचा प्रयत्न करणारे लोकहि झाले. ओर्चा नदीच्या खोऱ्यांत ला फोचे नांवाची इस्टेट आहे. १९२० नंतरच्या दशकांत आन्तोनियो ओरिगो आणि त्याची पत्नी आयरिस यांनीं ती घेतली, तेव्हां तेथें झिजलेल्या उघड्याबोडक्या चिकणमातीच्या टेकड्या होत्या. त्यांनीं जमीन सुधारली, रस्ते केले, शाळा व दवाखाना उघडला. सेसिल पिन्सेंट या इंग्रज वास्तुविशारदानें केलेली तेथील बाग आज पाहुण्यांना ठरावीक दिवशीं दाखवितात. १९४३ मध्यें युद्ध इटलीच्या भूमीवर आलें, तेव्हां या घरानें बाँबहल्ल्यांतून आलेलीं निर्वासित मुलें सांभाळलीं आणि पळून आलेल्या युद्धकैद्यांना अन्न व आसरा दिला. जून १९४४ मध्यें जर्मन सैन्यानें घर सोडण्यास सांगितलें. ओरिगो दांपत्य मुलांना व इतर आश्रितांना घेऊन, सुरुंग पेरलेल्या व तोफांच्या माऱ्याखालच्या रस्त्यानें, पायीं मोंतेपुल्चानो या गांवीं पोंचलें. आयरिस ओरिगो हिनें या दिवसांची जी रोजनिशी ठेवली होती ती १९४७ मध्यें प्रसिद्ध झाली. शतकांपूर्वीं मोठ्या झालेल्या खिडक्या त्या उन्हाळ्यांत पुन्हां बंद झाल्या होत्या, आणि बागवाड्यांना पुन्हां गढीचें काम करावें लागलें होतें.

त्याच उन्हाळ्यांत, तेथून उत्तरेस, आणखी एका गढीवर एक प्रसंग घडला. त्याच्याशीं महाराष्ट्राचा प्रत्यक्ष संबंध आहे.

फ्लॉरेन्सच्या नैर्ऋत्येस सुमारें वीस किलोमीटरवर मोंतेगुफोनी ही गढी आहे. आच्चायुओली या फ्लॉरेन्सच्या सावकार घराण्याची ही जुनी मालमत्ता. तिचा उंच बुरूज फ्लॉरेन्सच्या नगरसभागृहाच्या बुरुजावरून घेतलेला आहे. मूळ घराण्याची भरभराट ओसरल्यावर गढीची रया गेली. १९०९ मध्यें सर जॉर्ज सिटवेल या इंग्रज गृहस्थानें ती आपल्या मुलाच्या नांवें विकत घेतली व पुढें तेथें वास्तव्य केलें. १९४० मध्यें इटली युद्धांत उतरली, तेव्हां फ्लॉरेन्सच्या संग्रहालयांनीं आपलीं चित्रें शहराबाहेर हलविण्यास आरंभ केला. बाँब शहरावर पडतील, टेकड्यांवरच्या वाड्यांकडे कोण पाहणार, असा त्यांत हिशेब होता. अशा तीसहून अधिक ठिकाणीं चित्रें ठेवण्यांत आलीं. मोंतेगुफोनीचे दरवाजे व दालनें मोठीं असल्यामुळें सर्वांत मोठ्या आकाराच्या चित्रांसाठीं ती गढी सोयीची ठरली. जोत्तो, चिमाबूए आणि दुच्चो यांनीं रंगविलेल्या माउली मेरीच्या तीन भव्य मूर्ति तेथें आल्या. उच्चेल्लोनें काढलेलें सान रोमानोच्या लढाईचें चित्र आलें. आणि बोत्तिचेल्लीचें ‘प्रिमाव्हेरा’ म्हणजे वसंत ऋतूचें चित्रहि आलें. हें शेवटचें चित्र सोळाव्या शतकांत मेदिचींच्या कास्तेल्लो या नांवाच्याच बागवाड्यांत टांगलेलें होतें. एका अर्थीं तें पुन्हां खेड्यांत राहावयास आलें होतें.

परंतु हिशेब चुकला. जुलै १९४४ मध्यें आघाडी या टेकड्यांवरूनच सरकूं लागली. ज्या जागा शांत म्हणून निवडल्या होत्या त्याच रणांगण झाल्या. जवळच्याच मोंतान्याना येथील विल्लांतून माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानें सुमारें तीनशें चित्रें लॉऱ्यांत भरून उत्तरेस नेलीं. मोंतेगुफोनींतहि जर्मन सैनिक उतरले होते. गिर्लांदायोच्या एका वाटोळ्या चित्राचा त्यांनीं टेबलासारखा उपयोग केला. गढींत आसपासच्या खेड्यांतलीं कुटुंबें आश्रयास आलीं होतीं आणि चित्रांच्याच आसपास झोंपत होतीं. अशा वेळीं चेझारे फासोला नांवाचा उफ्फीत्सी संग्रहालयाचा ग्रंथपाल फ्लॉरेन्सहून पायीं निघाला आणि दोन सैन्यांच्या मधल्या मुलखांतून चालत गढीवर येऊन चित्रांजवळ राहिला. त्याच्याजवळ शस्त्र नव्हतें. चित्रांना हात लावूं नका, एवढें सांगण्यासाठीं तो तेथें थांबला होता.

जुलैच्या अखेरीस जर्मन मागें हटले आणि आठव्या हिंदी डिव्हिजनचें सैन्य तेथें पोंचलें. त्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीची पलटण होती. एरिक लिंक्लेटर हा स्कॉटिश लेखक आणि बी. बी. सी. चा वार्ताहर विनफर्ड व्हॉन-टॉमस हे दोघे या आघाडीवर फिरत असतां गढींत आले, आणि भिंतींना टेकवून ठेवलेलीं जगप्रसिद्ध चित्रें पाहून थक्क झाले. बातमी वरच्या अधिकाऱ्यांकडे गेली. फ्रेडरिक हार्ट हा कलावस्तूंच्या रक्षणासाठीं नेमलेला अमेरिकन अधिकारी आपली जीप घेऊन धांवला. तोंवर आणि त्यानंतरहि चित्रांच्या दालनांवर पहारा होता तो मराठा शिपायांचा.

रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, कुलाबा या जिल्ह्यांतून भरती झालेलीं हीं शेतकऱ्यांचीं मुलें. उत्तर आफ्रिका आणि इटलीच्या लढायांतून त्यांच्या रेजिमेंटचे लोक तीन वर्षें झुंजत आलेले. त्यांच्या पाठीमागें नऊ आकृतींचें, दोन मीटर उंच व तीन मीटरांहून अधिक रुंद असें वसंताचें चित्र होतें, आणि समोर फ्लॉरेन्सकडे जाणारा रस्ता. त्या शहरांत थोड्याच दिवसांनीं, ३ ऑगस्टच्या रात्रीं, माघार घेणाऱ्या जर्मनांनीं आर्नो नदीवरचे सर्व पूल उडवून दिले. फक्त पोंते वेक्कियो हा जुना पूल तेवढा शिल्लक राहिला. त्या पडझडीच्या दिवसांत हीं चित्रें गढींत सुखरूप राहिलीं. पहारेकऱ्याला आपण राखीत आहों त्या वस्तूचा इतिहास ठाऊक असावाच लागतो असें नाहीं. ती दुसऱ्याची आहे, ठेव आहे, आणि ती जशी आहे तशी परत द्यावयाची आहे, एवढें त्याला समजावें लागतें. खेड्यांत वाढलेल्या माणसाला ठेव म्हणजे काय हें शिकवावें लागत नाहीं.

या मोहिमेंत मराठ्यांनीं दिलेली किंमत लहान नव्हती. १० जुलै १९४४ रोजीं टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडींतील सर्व सोबती मशीनगनच्या माऱ्यांत ठार वा जखमी झाले. त्यांनीं एकट्यानें चाल करून तें ठाणें निकालांत काढलें आणि तेथेंच त्यांना वीरमरण आलें. ते तेव्हांच्या कुलाबा जिल्ह्यांतील पळसगांवचे. वय अवघें बावीस. पुढच्या वर्षीं ९ एप्रिलला सेनियो नदीच्या कांठीं, तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांतील नामदेव जाधव यांनीं जखमी सोबत्यांना माऱ्याखालून पाठीवर आणलें व मग शत्रूचीं मशीनगनचीं ठाणीं बंद पाडलीं. दोघांनाहि व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. उंब्रिया प्रांतांत मोंतोने नांवाचें टेकडीवरचें जुनें तटबंदीचें गांव आहे. तेथें जुलै २०२३ मध्यें यशवंत घाडगे यांच्या नांवें एक सूर्यघटिका उभारण्यांत आली. सर्व माणसें एकाच सूर्याखालीं राहतात अशा अर्थाचें लॅटिन वचन त्या स्मारकासाठीं निवडलेलें आहे.

मोंतान्यानाहून नेलेलीं चित्रेंहि शेवटीं उत्तर इटलींतील पर्वतभागांत सांपडलीं आणि जुलै १९४५ मध्यें समारंभानें फ्लॉरेन्सला परत आलीं. मोंतेगुफोनी सिटवेल घराण्यानें पुढें विकली. आज तेथें प्रवाशांना मुक्कामाला जागा मिळते. खालच्या चौकांत उभें राहून बुरुजाकडे पाहावें, आणि ज्या दरवाज्यांतून साडेचार मीटर उंचीचें दुच्चोचें चित्र आंत गेलें त्या दरवाज्याची उंची डोळ्यांनीं मोजावी. कोणत्याहि मार्गदर्शक पुस्तकापेक्षां त्या उंचीवरून गढीची गोष्ट लवकर समजते.

आतां प्रत्यक्ष प्रवासाविषयीं थोडेंसें. या वास्तु पाहावयाच्या तर एका दिवसांत एक, फार तर दोन पाहाव्यात. पुष्कळ बागवाडे आजहि खासगी मालकीचे आहेत. कांहीं आठवड्यांतून ठरावीक दिवशींच उघडतात, तर कांहींच्या फक्त बागा पाहतां येतात. म्हणून निघण्यापूर्वीं चौकशी करावी. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने चांगले. सप्टेंबरांत द्राक्षांची तोडणी चालू असते, आणि वाडा व शेत यांचें नातें त्या दिवसांत उघड दिसतें. दिवाणखान्यांत जाण्याआधीं तळघर, घाणा आणि कोठार दाखविण्याची विनंती करावी. तीं पाहिल्यावर वरचीं भित्तिचित्रें अधिक चांगलीं कळतात. आणि दौऱ्याचा शेवट फ्लॉरेन्सला, उफ्फीत्सींत करावा.

तेथें ‘प्रिमाव्हेरा’समोर सदैव गर्दी असते. संत्र्यांच्या बागेंत उभी असलेली व्हीनस, फुलें उधळणारी फ्लोरा, हात गुंफून नाचणाऱ्या तिघी, सारें जागच्या जागीं आहे. त्या गर्दींत एखादा मराठी प्रवासी असेल, तर हें चित्र १९४४ च्या उन्हाळ्यांत मोंतेगुफोनीच्या भिंतीला टेकलेलें होतें, आणि दाराशीं त्याच्याच मुलखांतला एक शिपाई बंदूक घेऊन उभा होता, एवढें त्याला आठवावें.